दस्तगीरभाईंचा हिरवा डोंगर

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी माणसं आली की पहिल्यांदा विचारतात, "काय झालंय?" दस्तगीरभाई असं कधी विचारायचे नाहीत. खुर्ची ओढून बसायचे, चष्मा पुसायचे, आणि मशीनकडं न बघता मालकाच्या तोंडाकडं बघत विचारायचे, "ह्याच्यात असं काय हाय, की जे गेलं तर तुमी रडाल?"

माणूस गडबडायचाच. मशीन बंद पडलंय, काम खोळंबलंय, आणि हा बाबा रडायचं कसलं विचारतोय! बहुतेक जण म्हणायचे, "काही नाही हो, सगळं पुसा आणि नवं टाका." मग दस्तगीरभाई हात मांडीवर ठेवून शांत बसायचे. म्हणायचे, "आठवा. मला घाई न्हाय."

आमच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला एक शाळा आहे, तिथल्या मोठ्या बाईंचा किस्सा ते स्वतः रंगवून सांगायचे. बाई कडक. त्यांना हा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, "रडायला मी काय बालवाडीत आहे का? पुसा." हे बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी बाई इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "एक पत्त्यांचा डाव अर्धा राहिलाय. आज लागत आला होता." दस्तगीरभाई उठले, बाईंना खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. "आधी तो लावा." बाईंनी डाव लावला. पडद्यावर पत्ते उड्या मारायला लागले तशी बाईंनी टाळी वाजवली आणि बाहेरचा शिपाई घाबरून आत आला. मग हे म्हणाले, "आता पुसू?"

असे होते. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे तर मी कोण तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कोण मधेच. मी सुमन. माहेर मैंदर्गीचं, घरात कानडी. लग्न होऊन सोलापूरला आले. शाळा सातवीपर्यंत. नवरा गेल्यावर अण्णांच्या चादरीच्या कारखान्यात कामाला लागले. अण्णा तेलुगू, पिढ्यान्‌पिढ्या मागावरचं घर. तिथं सगळे मला सुमनक्का म्हणायला लागले, ते अजून तेच चाललंय.

माझं काम डिझाइन भरायचं. चादरीवरचा मोर काय किंवा वेल काय, तो साध्या कागदावर काढून भागत नाही. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरावा लागतो. भरलेला चौकोन म्हणजे तिथला धागा वर, रिकामा म्हणजे खाली. मी भरलेला कागद जायचा दस्तगीरभाईंकडं. ते त्या कागदाकडं बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचे. त्या पट्ट्यांना पत्ते म्हणायचे. भरलेला चौकोन असला की भोक, नसला की नाही. असे शेकडो पत्ते दोऱ्यानं ओवून माळ करायची आणि मागाच्या डोक्यावर चढवायची. माग तेवढं वाचून वेल काढायचा. मी भरायची, ते पाडायचे. पंधरा वर्षं आम्ही असं काम केलं, आणि त्यात आमचं बोलणं किती झालं असेल? "अक्का, हितं एक चौकोन राहिला." "भाई, राहिला न्हाय, तो मोराचा डोळा हाय." एवढंच.

मग अण्णांनी कॉम्प्युटर आणला आणि मागावर नवी विजेवरची जकार्ड, म्हणजे वेलबुट्टी काढणारं यंत्र, बसवली. पत्त्यांचं काम एका हंगामात संपलं. दुसरा कुणी असता तर शिव्या देऊन गेला असता. दस्तगीरभाई तीन दिवस दारात उभं राहून त्या डब्याकडं बघत राहिले. चौथ्या दिवशी अण्णांना म्हणाले, "अण्णा, ह्याच्या आत काय हाय, बघू का उघडून?"

अण्णा दचकले. "ए नको रे बाबा! वॉरंटी हाय. संपली की बघ."

अण्णांना वाटलं, विषय मिटला. वर्षभर हा माणूस रिक्षा चालवत होता. आणि ज्या दिवशी वॉरंटी संपली त्या दिवशी सकाळी कारखाना उघडायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फाटकात हजर! अण्णा तारीख विसरले होते, हे विसरले नव्हते. अण्णा हसून हसून खाली बसले. म्हणाले, "सरे, ठीक हाय, बघ."

उघडून झाल्यावर मला म्हणाले, "अक्का, आत पण तेच हाय. भोकं. हाय, न्हाय. हाय, न्हाय. फकत पुठ्ठा न्हाय." त्या दिवसापासून ते कॉम्प्युटरवाले झाले. कुठला क्लास नाही, सर्टिफिकेट नाही.

मला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला. मी माउसला घाबरायची. बाण कडेला न्यायचा म्हणून हात सरकवत सरकवत टेबलाच्या टोकाला आले आणि ओरडले, "भाई, टेबल संपलं!" सगळा कारखाना हसला. ते हसले नाहीत. त्यांनी माझा जुना चौकटीचा कागद पडद्याशेजारी टाचला. "हे चौकोन, आनि ते चौकोन. तुमी हातानं भरत होता, आता बोटानं भरा. माउस उचलून परत मधे ठेवायचा, धागा संपला की कांडी बदलतो तसं." दुसऱ्या आठवड्यात मी फुलं भरायला लागले.

त्यांच्या खिशात पेन नसायचं, रंगाचा कुंचला असायचा. सोलापुरातल्या कारखान्यात कॉम्प्युटर ठेवला की त्यात सुताचं तूस शिरतंच. डबा उघडला की पहिल्यांदा कुंचल्यानं तूस काढायचे, गोळा करायचे आणि मालकाच्या हातात द्यायचे. "हे घ्या. तुमच्या उशीला." चहा मशीनजवळ कधी घेतला नाही. उठून दारात जायचे, बशीत ओतून प्यायचे, टॉवेलला हात पुसून मगच आत. आणि सायकलच्या कॅरिअरला जकार्डच्या जुन्या दोरीनं बांधलेला बिस्किटाचा पत्र्याचा डबा. त्यात सीड्या. प्रत्येक सीडी टॉवेलच्या मऊ चिंधीत गुंडाळलेली. नव्या नव्या विंडोज येत गेल्या, ह्यांनी जुनी एकही टाकली नाही. नावं त्यांची त्यांनी ठेवलेली. आमच्या कॉम्प्युटरवर जी होती, ती लावली की पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ यायचं. तिला ते 'हिरवा डोंगर' म्हणायचे.

आता मूळ गोष्टीकडं येते. चार वर्षं झाली त्याला.

श्रावण संपत आला होता आणि आमचा कॉम्प्युटर बंद पडला. इतकी वर्षं तूस खाऊन चालला, एका सकाळी चालूच होईना. तोपर्यंत कारभार अण्णांच्या मुलाकडं, श्रीनिवासकडं आला होता. मी त्याला सीनू म्हणते, लहानपणी माझ्याजवळ चौकोन भरायला बसायचा. सीनूनं दुसरा कॉम्प्युटर आणला. त्याच्या मेव्हण्याच्या ऑफिसात दोन-तीन वर्षं वापरलेला, पण आमच्या मानानं नवाच. चकाचक. फक्त त्यात आमचा डिझाइनचा प्रोग्रॅम चालेना. तो प्रोग्रॅम हिरव्या डोंगरावरच चालणारा, आणि तो करणारी कंपनी कधीच बंद पडलेली. आमची दोनशे अकरा डिझाइनं त्याच प्रोग्रॅममधली. दुसरा कुठलाच प्रोग्रॅम ती उघडत नव्हता. महिनाभरात दोन पोरं येऊन बघून गेली. म्हणाली, एवढं जुनं एवढ्या नव्यावर बसत नाही.

सीनू वाईट नाही. पण त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "खंडेनवमीला मागाची पूजा करू. तोवर डिझाइनं उघडली तर उघडली. नाहीतर दसऱ्यानंतर जकार्ड उतरवायची, भंगारात द्यायची. खाली साधे टॉवेल काढू." अण्णा भिंतीला टेकून बसले होते, ते उठून मागांजवळ गेले आणि एकेका जकार्डवरचं तूस हातानं पुसत राहिले.

माझं मन कशात लागेना. नवमीला बारा दिवस होते. रिक्षा केली आणि दस्तगीरभाईंच्या घरी गेले.

त्यांनी काम सोडून वर्ष झालं होतं. साखरेनं डोळे गेले होते, म्हणजे अगदी अंधार नाही, पण समोरचं धुक्यातलं दिसावं तसं. भाभींनी दार उघडलं आणि मला बघताच ओळखलं मी कशाला आले ते. "डाक्टर बोल्या आंख कू आराम देव. इनो सुनते कां? तुम आए, अब तो गए काम से."

आतून आवाज आला, "कोन? अक्का? मशीन मेली, का तुमी मारली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा पुसला. दिसत नव्हतं तरी पुसला. आणि तोच प्रश्न, आयुष्यात पहिल्यांदा मला. "अक्का, ह्याच्यात असं काय हाय, की जे गेलं तर तुमी रडाल?"

म्हटलं, "दोनशे अकरा डिझाइनं."

"सगळ्यांसाठी रडाल?"

"न्हाय. पन कुठल्यासाठी रडीन, ते आधीच कसं सांगू?"

"हौ," म्हणाले. "डबा घ्या तो खालचा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आले. जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून हाताच्या तळव्यावर तोलली, कानाशी नेली, दुसऱ्या मशीनला लावून फिरते का बघितलं. "डोकं गेलंय, पन याददाश्त शाबूत हाय." पहिलं काम काय केलं असेल? त्यातलं सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं. दोनशे अकरा फायली होत्या. मला एकेक मोजायला लावल्या. पण नुसत्या फायली असून उपयोग काय, उघडणारं कुणी पाहिजे की.

मग त्या नव्या कॉम्प्युटरवर हिरवा डोंगर चढवायला घेतला. त्यांना पडदा दिसत नव्हता म्हणून मी शेजारी बसले. मी वाचायचं, त्यांनी सांगायचं कुठलं बटण. माझं इंग्रजी म्हणजे अक्षरं ओळखते तेवढंच. सीडी घातली, थोडं चाललं आणि पडदा निळा झाला.

"भाई, निळं झालं."

"कसं निळं?"

"आपल्या चौकड्याच्या चादरीतलं गडद असतं की, तसं."

"काय लिवलंय? एकेक अक्षर सांगा."

मी अक्षरं सांगत गेले, ते वहीत मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहीत गेले. सीनू दारात उभा होता. म्हणाला, "चाचा, जग पुढं चाललंय आणि तुम्ही मशीनला मागं नेताय."

"सीनू, तुझ्या आजोबाच्या मागाला तू नवी मोटर लावलीस. तो माग पुढं गेला का मागं?"

"तो चालला ना!"

"मग हे पन चालू दे की."

त्यांनी मला मशीन बंद करून चालू करायला लावलं आणि चालू होता होता एक बटण दाबून ठेवायला सांगितलं. आतलं एक पान उघडलं. त्यात डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते ठरवायची एक ओळ होती, नव्या का जुन्या. ती जुन्यावर आणली. मी विचारलं, हे काय केलं? तर म्हणाले, "अक्का, अण्णा घरात तेलुगू बोलतात. तुमचं माहेर कानडी. माझ्या घरात दखनी. मधी मराठी नसती तर हा कारखाना चालला असता का? नव्या मशीनला जुन्याची बोली येत न्हाय. आपन मधी एक बोली ठरवून दिली. बस."

एवढ्यानं संपलं नाही. पुढं कीबोर्ड चालेना, माउस मरून पडला. मग अडगळीतून जुना, गोल टोकाच्या पिनेचा कीबोर्ड आणि तसलाच माउस काढला, तूस झाडलं, एकेक लावला. चालला. तीन दिवस असं एक पाऊल पुढं, दोन मागं. रोज सकाळी रिक्षातून यायचे, दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दारात बसून खायचे. शेंगाचटणीचा डबा मशीनच्या खोलीत आणू द्यायचे नाहीत. "चटनी आत गेली तर माझ्या बापाला पन निघनार न्हाय." डोळ्यातून पाणी यायचं, ते टॉवेलच्या टोकानं टिपायचे. मी म्हटलं, "भाई, असू द्या, तुमचे डोळे." तर म्हणाले, "डोळे तुमचे चाललेत, माझे कुटं?"

चौथ्या दिवशी दुपारी पडदा काळा झाला, मग उजळला, आणि टेकडी आली.

मी ओरडलेच. अण्णा काठी टेकत आले. "एमैंदी? काय झालं?" आणि पडद्याकडं बघून म्हणाले, "ए, डोंगर आला!"

दस्तगीरभाई पडद्याला नाक लावून बघत होते. "हिरवा दिसतो का अक्का?"

"हिरवागार."

"बघून घ्या. सोलापुरात हिरवा डोंगर बघायचा तर ह्याच्यातच." आणि लगेच नेटची वायर जिथं खोचतात त्या भोकावर चिकटपट्टी लावली. "जुन्या मानसाला नव्या बाजारात एकटं सोडायचं न्हाय. लुटतात. हा घरातच बसून काम करील."

आता फक्त प्रोग्रॅम टाकायचा राहिला होता. त्याची सीडी अण्णांच्या कपाटात, देवाच्या फोटोशेजारी. एकच. मी ती आणली, घातली. पट्टी सरकत गेली, अर्ध्याच्या पुढं गेली आणि थांबली. आत घरघर आवाज. परत घातली, परत तिथंच.

"काढा," म्हणाले. सीडी हातात घेऊन दारात गेले, उन्हात तिरकी धरली. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण बोटाचं टोक हलकेच फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. वास घेतला.

"अक्का," म्हणाले, "हे हळदीकुंकू हाय का?"

होतं. मीच लावलेलं.

आमच्याकडं खंडेनवमीला मागाची, धोट्याची, कात्रीची, सगळ्या हत्यारांची पूजा असते. कॉम्प्युटर आला त्या वर्षी मी विचार केला, ह्याचं हत्यार कुठलं? तर ही सीडी. हिच्यामुळं तर चालतो. मग दर वर्षी पाटावर मांडायची, हळदीकुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, उदबत्ती ओवाळायची आणि परत कपाटात. आणि लावायचं कुठं, तर चकचकीत बाजूला. छापील बाजू म्हणजे पाठ आणि चमकणारी म्हणजे तोंड, असं मला वाटायचं. तिच्यात आपला चेहरा दिसतो की! वीस-एक वर्षांचं कुंकू. ओल्या बोटानं लावलेलं.

सीनूनं कपाळावर हात मारला. "अक्का! सगळं त्याच बाजूला असतं! तुम्ही स्वतःच्या हातानं..." आता बोलायचं राहिलं काय होतं? दोनशे अकरा डिझाइनं मी माझ्या हातानं भरली आणि माझ्याच बोटानं पुसली. मी खाली बसले. रडायला आलं. सगळ्यांसाठी रडाल का, असं त्यांनी विचारलं होतं ना, आता कळलं, एकासाठी नव्हतं.

दस्तगीरभाई माझ्याशेजारी उकिडवे बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "सीनू, तुझ्या घरात आजपर्यंत किती सीड्या आल्या?"

"आल्या असतील शंभरभर."

"त्यातल्या आज किती हायत?"

"एकही नाही."

"ही एक हाय. का हाय? अक्कानं पूजा केली म्हनून. ज्याची पूजा करतो ते मानूस फेकत न्हाय. ही फेकली असती तर मी आज काय धुनार होतो?" आणि मला म्हणाले, "उठा. कोमट पानी आना. आनि आपल्यातला सगळ्यात मऊ टॉवेल. धुतलेला, नवा नक्को."

पाण्यात साबणाचा एक थेंब. टॉवेलचं टोक बुडवून मधल्या भोकापासून काठाकडं सरळ पुसायचं, गोल फिरवायचं नाही. त्यांनी मला एकदा दाखवलं आणि मग मीच पुसत बसले. कुंकू निघालं. हळदीचा पिवळा डाग राहिला. अक्षतांचे ओरखडे राहिले. वाळवून घातली. पट्टी आता पुष्कळ पुढं गेली, जवळजवळ शेवटाला, आणि एका फायलीवर अडली. परत पुसली, दुसऱ्या मशीनवर घातली, सकाळी घातली, दुपारी घातली. ती एक फाइल काही येईना. नवमीला दोन दिवस राहिले होते. सीनूनं भंगारवाल्याला फोन केल्याचं मला मुकादमाकडून कळलं.

त्या दुपारी दस्तगीरभाई जेवले नाहीत. दारात बसून बोटं हलवत होते, पूर्वी पत्ते ओवताना हलवायचे तशी. अचानक म्हणाले, "अक्का, माळेतला एक पत्ता फाटला तर आपन काय करत होतो?"

"काय करनार? तेवढाच पत्ता नवा पाडायचा आनि माळेत ओवायचा."

"सगळी माळ फेकत होतो का?"

"येडं हाय का कुनी!"

"मग मी येडाच हाय. इतके दिवस धुतोय." उठलेच. "जुन्या मशीनची याददाश्त काढा. त्या मशीनवर हा प्रोग्रॅम चालत होता की नव्हता? म्हंजे हा फाटलेला पत्ता तितं असनारच."

सीडीवर अडलेल्या फायलीचं नाव मी अक्षरं लावून वाचलं. मग जुन्या डिस्कवर त्या नावाची फाइल शोधायला बसले. नावं शेकड्यांनी. एकेक नाव वाचत खाली येत गेले आणि चहाच्या वेळेला ती सापडली. हुबेहूब तेच नाव. सीडीवरचं बाकी सगळं त्यांनी मशीनमध्ये उतरवून घेतलं, त्यात ही एक बाहेरची फाइल ठेवली, आणि तिथून प्रोग्रॅम चालू करायला सांगितलं. पट्टी सरकली. अडली होती तिथं आली. मी डोळे मिटले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

डोळे उघडले तर पट्टी पूर्ण भरली होती.

अकरा नंबरचं डिझाइन उघडलं. तो कॉम्प्युटरवर मी भरलेला पहिला मोर. अण्णांनी बघितला आणि काठीनं सीनूच्या पायाला हलकेच टोचलं. सीनूनं पेनड्राइव्हमधून ते मागावर नेलं. संध्याकाळच्या आत वीतभर कापड निघालं. दस्तगीरभाईंनी माग थांबवायला सांगितला, कापडावर बोट ठेवलं आणि चाचपत, ओठ हलवत जाऊ लागले. हाय, न्हाय. हाय, हाय, न्हाय. मोराच्या मानेपाशी थांबले.

"अक्का, हितं एक चौकोन चुकलाय."

मी वाकून बघितलं. खरंच चुकला होता. वीस वर्षं चुकलेला निघत होता, मला पत्ता नव्हता. म्हटलं, "लगेच बदलते."

"नक्को. इतकी वर्षं लोकं पांघरून झोपली, कुनाची झोप मोडली न्हाय."

दस्तगीरभाई पुढच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी शेवटी अंथरुणावर होते, भेटायला गेले होते मी, पण तसले ते आठवत नाहीत. आठवतात ते डिझाइनं उघडली त्या वर्षीच्या खंडेनवमीचे. माग धुऊन पुसून ठेवलेले, जकार्ड होत्या तिथंच वर, झेंडूच्या माळा घातलेल्या. अण्णांनी नारळ फोडला. मी ताट घेऊन एकेका मागाला कुंकू लावत कॉम्प्युटरपाशी आले आणि माझा हात थांबला. सीनू मागून म्हणाला, "अक्का, ह्याला लांबनंच नमस्कार करा." सगळे हसले. मलाही हसू आलं, पण बोट पुढं जाईना.

दस्तगीरभाई खुर्चीत बसले होते. स्वच्छ पांढरा सदरा, खिशात कुंचला. त्यांनी मांडीवरचा डबा उघडला, चाचपून दोन चिंध्या काढल्या. दोन्हींत एकेक नवीकोरी सीडी.

"त्या फाटक्या पत्त्यासकट नव्या करून आनल्या," म्हणाले. एक सीनूच्या हातात दिली. "ही कामाची. हिला ऊन नक्को, हात नक्को, कुंकू नक्को." दुसरी माझ्यापुढं धरली. "आनि ही पूजेची. हिला काय लावायचं ते लावा."

मी विचारलं, "ही रिकामी हाय ना?"

"रिकामीची पूजा कायकू करायची? हिच्यात पन सगळं हाय."

"अवो, मग खराब होईल की!"

"होऊ दे. आपन दुसरी करू."

आणि ती सीडी त्यांनी तळहातावर धरली, चकचकीत बाजू वर. त्यांचं तोंड जरा भलतीकडंच होतं, मी नक्की कुठं उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं. मी बोट हळदीत बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि लावलं.